एफसी रोड, रात्री साडेदहा

पुण्यात नवीन जॉइन झालेला माणूस फार तर तिसऱ्या वीकेंडपर्यंत दम धरतो. मग एफसी रोडवर जाऊन येतोच. सोमवारी कँटीनमध्ये त्याला विचारा, काय पाहिलंस? धड सांगता येत नाही. वैशालीत पाऊण तास नंबर लावून एसपीडीपी खाल्ली, गर्दीत फिरलो, तीनशेचा टी-शर्ट भाव करून दोनशेला घेतला (तो मुळात दीडशेचा असतो, हे त्याला पुढच्या वर्षी कळतं), गुडलकला बनमस्का आणि चहा, परत आलो. बस्स. ना समुद्र, ना किल्ला, ना धबधबा. तरी पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा तिथेच.

रस्त्याला कागदोपत्री नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं आहे. १८८५ साली सुरू झालेल्या ज्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवायचे, त्याच कॉलेजसमोरचा हा रस्ता, म्हणजे नाव अगदी रास्त. पण रिक्षावाल्याला 'गोखले रोड' सांगून बघा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग मीटरकडे.

माझी ह्या रस्त्याशी ओळख अठरा-वीस वर्षांची. आधी विद्यार्थी म्हणून (एक कॉफी, चार मित्र, दोन तास), मग पगारदार म्हणून (चार कॉफ्या, एक मित्र, वीस मिनिटं). ह्या रस्त्याची खरी गंमत कळायची असेल तर तिथे एक अख्खा दिवस काढायला हवा. सकाळी सातला टेकडी उतरून आलेले कानटोपीवाले आजोबा उपमा आणि फिल्टर कॉफीवर देशाचं परराष्ट्र धोरण ठरवत असतात. दहा वाजता कॉलेज. दुपारी झेरॉक्स, पुस्तकं, क्लासवाले. चारनंतर कानातली, कुर्ते, चपला, मोबाईलची कव्हरं. सातनंतर आमच्यासारखे ऑफिसवाले. नऊनंतर जेवून आइस्क्रीम खायला निघालेली कुटुंबं. ह्यातल्या कुणालाही दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. पण एक पाळी उठायच्या आत दुसरी येऊन बसलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं, की ह्या वर्षी माझ्या भाचीला डेक्कनजवळच्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळाली. ताई आणि दाजी अंबाजोगाईला असतात. पेइंग गेस्टची खोली मीच शोधली, फर्ग्युसन रस्त्याच्या आतल्या गल्लीत. त्या रात्री दाजींचा फोन. भाडं किती, मेस कशी, हे काहीच विचारलं नाही. म्हणाले, "तुम्ही तिथलेच झालात आता. मला एवढंच सांगा, तो भाग सेफ आहे का नाही? पेपरात काय काय येतंय."

'हो दाजी, एकदम सेफ' असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण ज्याची एकुलती एक मुलगी साडेतीनशे किलोमीटरवर राहायला चालली आहे, त्याला असलं उत्तर देऊ नये. आणि दुसरं म्हणजे माझा स्वभाव. आमच्या धंद्यात कुणी 'सिस्टीम सेफ आहे का?' असं विचारलं तर पहिला प्रतिप्रश्न ठरलेला: कशापासून? मी म्हटलं, दाजी, रविवारी फोन करतो. आणि खरोखरच दोन-तीन संध्याकाळी फक्त हेच बघत हिंडलो.

पेपरात काय काय येतं, ते आधी बघू. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली. १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी आपल्या शेजारच्याच जंगली महाराज रस्त्यावर पाठोपाठ चार स्फोट झाले. ते कमी तीव्रतेचे होते, एक जण जखमी झाला. तेव्हा माझा एक मित्र बालगंधर्वसमोर होता आणि फोन लागत नव्हते. ती पाऊण तासाची धडधड मी विसरलेलो नाही. त्यानंतर शहरभर कॅमेरे बसले. मग जून २०२४. एफसी रोडवरच्याच एका हॉटेलच्या शौचालयातला अमली पदार्थांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, अटका झाल्या, काही पोलिस निलंबित झाले, महापालिकेचे बुलडोझर बाहेर पडले. त्याच्या महिनाभर आधी, १९ मे २०२४ च्या पहाटे, कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शने मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघेही चोवीस-पंचवीस वर्षांचे, दोघेही आपल्याच धंद्यातले. ही बातमी आमच्या फ्लोअरवर कुणी मोठ्याने वाचली नाही.

आता बॉम्ब सोडा. त्यावर तुम्ही-आम्ही 'बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांना कळवा' ह्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही, आणि गर्दी हेच त्याचं लक्ष्य असतं हे मान्य. पण ह्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी कुठे घडल्या बघा. एक बंद दाराआड, एक रात्री अडीचच्या सुमाराला मोकळ्या रस्त्यावर. संध्याकाळी आठ वाजता, कणसाच्या गाडीशेजारी, फुटपाथवर, असं त्यांत काही नाही.

हा काही माझा शोध नाही. जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर एक पुस्तक लिहिलं, 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज'. बाई ना नगररचनाकार ना इंजिनिअर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्ता मुख्यतः पोलिस सुरक्षित ठेवत नाहीत, रस्त्याकडे असलेले डोळे ठेवतात. दुकानदार, खिडकीतल्या आज्या, येणारे-जाणारे. आणि हे डोळे दिवसभर हवे असतील तर वेगवेगळ्या कामांची माणसं वेगवेगळ्या वेळी रस्त्यावर यायला हवीत. कानटोपीवाले आजोबा आठवले? ते स्वतःच्या नकळत सकाळच्या शिफ्टला आहेत.

ह्याची उलटी बाजू रोज बघायची असेल तर माझ्या ऑफिसात या. आयटी पार्कमध्ये फाटकावर सहा सुरक्षारक्षक, प्रत्येक खांबावर कॅमेरा, आत फूड कोर्ट, लखलखाट. आणि रात्री नऊला फाटकाच्या बाहेर शंभर पावलं चाला. एका बाजूला कंपाऊंडची भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याची भिंत, मध्ये अंधार. माझ्या टीममधल्या मुली ते अंतर एकट्या चालत नाहीत, कॅब आतपर्यंत यावी लागते. त्याच मुली शनिवारी रात्री साडेनऊला एफसी रोडवर हातात पिशव्या घेऊन बिनधास्त हिंडत असतात. तिथे सुरक्षारक्षक कोण? कानातली विकणारी मावशी.

एफसी रोडवरही हा फरक दिसतो. दुकानं असलेल्या बाजूला आणि कॉलेजच्या लांबलचक भिंतीच्या बाजूला दहाच्या सुमाराला एकेकदा चालून बघा. रस्ता तोच, दिवे तेच. पण भिंतीच्या बाजूला तुमची चाल आपोआप जोरात होते. भिंतीला डोळे नसतात हो. (झाडं मात्र त्या बाजूची सुंदर आहेत. दिवसा तिकडूनच चाला.)

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी गर्दीचं गुणगान गाऊन मोकळा झालो असं व्हायचं. २७ जून २०२३, सदाशिव पेठ, पेरूगेट. सकाळची वेळ, वर्दळ भरपूर. एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला, आणि ती जिवाच्या आकांताने पळत होती. डोळे पुष्कळ होते. पण नुसत्या डोळ्यांनी काय होणार? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा पुढे झाला, त्याने तो हात धरला, मग आणखी एक-दोघं धावले, म्हणून ती मुलगी वाचली. जवळच्या चौकीतले पोलिस जागेवर नव्हते म्हणून निलंबित झाले. आपण 'गर्दी आहे म्हणजे सेफ' म्हणतो तेव्हा त्यातलं शेवटचं पाऊल आपण गृहीत धरतो, ते असं. कुणीतरी एकाने पुस्तकांची बॅग टाकून पुढे व्हावं लागतं. पेठांत आणि डेक्कनच्या बाजूला गावाकडून आलेली, दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहणारी, परीक्षा देणारी हजारो पोरं आहेत. आपण त्यांच्याकडे 'ट्रॅफिक वाढवतात' म्हणून बघतो.

गर्दीचा दुसरा प्रॉब्लेम मला भाचीने सांगितला. तोवर ती खोलीवर राहायला येऊन पंधरा दिवस झाले होते. पुरुषांना हा दिसतच नाही, त्यामुळे आमच्या कुठल्याही 'सेफ्टी'च्या चर्चेत तो नसतो. हाँगकाँग लेनमध्ये शनिवारी संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. तिथे मुद्दाम लागणारे हातही असतात. ती अगदी सहज म्हणाली, "मामा, तिथं बॅग पुढे धरायची आणि कोपरं बाहेर काढायची. सगळ्याच मुली करतात." हे तिला कुणी शिकवलं? रूममेटने, दुसऱ्याच दिवशी. अठरा वर्षांच्या मुलीला पुण्यात आल्यावर मिळालेली पहिली शिकवणी ही. मला राग आला, तिला नाही आला. तिला घाई होती, समोर ऑक्सिडाइज्डचे झुमके शंभरला दोन जोड होते.

तिच्याबरोबर चालताना आणखी एक कळलं. ती रस्ता अंतराने निवडत नाही. खोलीवर जायचा जवळचा बोळ आहे, तीन मिनिटांचा. साडेआठपर्यंत ती त्यातून जाते. कारण तिथे एक लाँड्रीवाला आहे, तो साडेआठला बंद करतो. त्यानंतर ती मोठ्या रस्त्याने वळसा घालून आठ मिनिटांनी जाते. एका इस्त्रीच्या टेबलावर पाच मिनिटं अवलंबून आहेत! आमच्याकडे ह्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्यावर मीटिंग घेतात.

आता मुख्य गोष्ट. दाजींनी जे विचारलं नाही, कुठलाच बाप विचारत नाही, ते म्हणजे रस्ता ओलांडणं.

सरकारी आकडे सांगतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले पायी चालणारे ३२,८२५. त्याच वर्षी देशभर खुनाचे गुन्हे नोंदले गेले २८,५२२. म्हणजे ह्या देशात खुनांपेक्षा जास्त माणसं नुसती चालता चालता मरतात. पण आपण मुलीला 'सातच्या आत घरात' सांगतो, 'सिग्नलला दोन्हीकडे बघ' सांगत नाही. सांगून तरी काय, एफसी रोड वन-वे आहे, एकाच बाजूला बघितलं की झालं असं नव्या माणसाला वाटतं. पुणेकर मात्र दोन्हीकडे बघतो. कारण वन-वेमध्ये उलटा येणारा स्कूटरवाला हा इथला नैसर्गिक प्राणी आहे, आणि तो वर तुमच्याकडेच रागाने बघतो.

संध्याकाळी सहा ते नऊ ही काळजी कमी, कारण ट्रॅफिक इतकं तुंबलेलं असतं की कुणी कुणाला उडवायला वेगच मिळत नाही. रस्ता खरा धोकादायक होतो तो मोकळा झाल्यावर. आणि चालायला फुटपाथ? जेएम रोडचा २०१६ च्या सुमारास नव्याने झालेला भाग आठवा. रुंद फुटपाथ, बसायला बाकं, मुलांना खेळायला जागा. तिथे म्हातारी माणसं पुन्हा संध्याकाळची दिसायला लागली. एफसी रोडलाही काही ठिकाणी फुटपाथ रुंद झाले. पण मग त्यावर दुचाक्या चढल्या, आणि स्टॉल्सवरून भांडण सुरू झालं.

हे भांडण मला मोठं अवघड वाटतं. चालणाऱ्याला जागा हवी, हे खरंच आहे. पदपथांसाठीच्या भारतीय निकषांतही चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी सांगितलेली आहे. दोन माणसं आणि एक बाबागाडी आरामात जाईल एवढी. उलट दर काही महिन्यांनी अतिक्रमणाची गाडी येते, स्टॉल उचलते, फुटपाथ मोकळा होतो, फोटो छापून येतात. मोकळ्या फुटपाथवर त्या संध्याकाळी चालून बघितलंय मी. रुंद आहे, स्वच्छ आहे आणि निम्मा उजेड गायब आहे. कारण तो उजेड स्टॉलवाल्यांच्या बल्बांचा होता. २०१४ पासून पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागा ठरवून देणारी समिती, सगळं लिहिलेलं आहे. माझं मत विचाराल तर १.८ मीटर आखा, त्याच्या आत एक हँगर आला तरी दंड करा, आणि पट्टीच्या पलीकडे त्या मावशीला कायमची जागा द्या. ती उद्या तिथेच असणार हे भाचीला माहीत असण्यात माझा स्वार्थ आहे.

वाहनं नसतील तर हा रस्ता काय होतो, ते वर्षातून एकदा दिसतं. आषाढी वारीच्या वेळी दोन्ही पालख्या ह्याच रस्त्याने शहरात येतात. पादुका चौकापासून डेक्कनपर्यंत मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. सत्तर वर्षांच्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन रस्त्याच्या मधोमध चालत असतात, लेकुरवाळ्या बाया दुकानांच्या पायऱ्यांवर निवांत टेकलेल्या असतात. त्या दिवशी तिथे एवढ्या गर्दीत उभं राहून मला कधीही भीती वाटलेली नाही. कॉलेजातली पोरं पाण्याच्या बाटल्या आणि केळी वाटत असतात, ती तर वेगळ्याच मूडमध्ये असतात. लक्ष्मी रस्ता महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद ठेवते. तसा महिन्यातून एक रविवार एफसीला मिळायला काय हरकत आहे?

राहता राहिली रात्र. साडेदहाला ह्या रस्त्यावर एक विचित्र गोष्ट होते. गस्तीची गाडी भोंगा वाजवत येते आणि दहा मिनिटांत शटरं धडाधड खाली येतात, गाड्यांवर प्लॅस्टिक चढतं, बल्ब विझतात. आत जेवणारी, आइस्क्रीम खाणारी, बिल भरणारी शे-दीडशे माणसं एकदम रस्त्यावर येतात. पुढच्या वीस मिनिटांत तीही जातात. मग उरतात मोकळा रस्ता, सायलेन्सर काढलेल्या बाइक्स आणि रिक्षा शोधणाऱ्या चार-दोन मुली. त्या साडेदहापर्यंत जितक्या सुरक्षित होत्या, तितक्या अकराला नाहीत, आणि मधल्या अर्ध्या तासात बदललं काय? फक्त माणसं घरी पाठवली गेली. पोलिसांचीही अडचण समजते. उशिरापर्यंत सुरू म्हणजे दारू, दारू म्हणजे गाड्या, गाड्या म्हणजे कल्याणीनगर. पण दोसा खाऊन कुणी पोर्श चालवत नाही. दारू वगळता बाकी दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतील, असं राज्य सरकारने १ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात स्पष्ट केलेलं आहे. मी शनिवारी जाऊन पाहिलं तर भोंगा वेळेवर वाजला.

दाजींना हे सगळं फोनवर सांगितलं. थोडक्यात नाहीच जमलं, चाळीस मिनिटं लागली. ते गणिताचे मास्तर आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे साडेदहाच्या आत खोलीवर, आणि रस्ता ओलांडताना मोबाईल खिशात. बरोबर ना?" मी म्हटलं, बरोबर. आणि ११२ नंबर स्पीड डायलला. तिने तो आधीच लावलेला होता, शिवाय खालच्या मेडिकलवाल्या काकांचा नंबरही होता. हे दोघांपैकी कुणीच तिला सांगितलेलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात ताई-दाजी स्वतःच येऊन गेले. दाजींना वैशालीची रांग अजिबात पटली नाही, 'खायला काय नंबर लावायचा' म्हणून रस्त्यावरच भाजलेलं कणीस घेतलं. ताईने कुर्त्याचा भाव असा केला की तो पोरगा शेवटी हात जोडून 'मौशी, ले जाओ' म्हणाला. तिने आम्हाला सगळ्यांना मागे टाकलंय.

आणि हो, तुम्हाला रांगेत उभं राहायचं नसेल तर रविवारी सकाळी साडेसातच्या आत पोचा. आजोबांच्या शेजारच्या टेबलावर जागा मिळते. परराष्ट्र धोरण ऐकावं लागतं, पण कॉफी गरम असते.